काचपट्टीवरचा डाग

“मॅडम, ही पट्टी जरा उजेडात धरून बघता?”

केतकी निनावे माझ्या टेबलासमोर उभी होती. माझ्याकडे पीएच.डी. करणारी, तिसऱ्या वर्षातली मुलगी. टिश्यू पेपरवर ठेवलेली एक काचपट्टी तिनं माझ्यापुढे सरकवली. बोटभर लांब, नखाएवढी रुंद. अशा पट्ट्या आमच्या प्रयोगशाळेत ढिगानं असत. या खास काचेवरून वीज वाहते. ती पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि काय होतं ते मोजायचं, हे आमचं रोजचंच काम.

मी चष्मा वर करून पट्टी खिडकीकडे धरली. खालच्या अर्ध्या भागावर फिकट तपकिरी छटा होती. चहाचा कप न धुता ठेवला की तळाशी राहते, तशी.

“डाग आहे,” मी म्हटलं. “मग?”

“प्रयोग झाल्यावर आलाय. बंद करायचा राहिला, तासभर चालला.”

“भांडं नीट धुतलं नसशील.”

“पाच वेळा धुतलं, मॅडम. आधी ॲसिडनं, मग पाण्यानं.”

“मग सहाव्यांदा धू.”

एवढ्यावर ती जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उभी राहिली.

“मॅडम, मी अजून एक केलं. ही पट्टी बाहेर काढून धुतली आणि नव्या पाण्यात लावली. त्यात रेणू घातलाच नव्हता. तरी ऑक्सिजन येतोय.”

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर हे वाक्य माझ्यासाठी काय होतं ते कळणार नाही.

झाडाचं पान उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन आणि हायड्रोजन सुटे करतं. आम्हाला तेच काचेच्या भांड्यात करायचं होतं. जमलं असतं, तर ऊन आणि पाणी एवढ्यावर इंधन तयार झालं असतं. पण पाणी सहजासहजी फुटत नाही. त्यातला ऑक्सिजन सुटा करणं हे तर सगळ्यात अवघड. त्यासाठी मध्ये उत्प्रेरक लागतो. काम करून देणारा आणि स्वतः मात्र जसाच्या तसा राहणारा. मी कोबाल्टचा एक रेणू बनवला होता. तो पाण्यात विरघळवला की हे काम करतो, आणि तासन्‌तास करूनही तुटत नाही, असा माझा दावा होता. त्यावरचा माझा लेख परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकात छापून आला होता. दुसऱ्या देशांतले लोक त्याचा आधार घेत होते. पाच प्रयोगशाळांचा मिळून एक मोठा प्रकल्प त्या रेणूवर उभा होता, आणि त्याची पाहणी करायला समिती अठरा मार्चला येणार होती. मुलं आपसात त्याला ‘मॅडमचा रेणू’ म्हणत. ते मला माहीत होतं, आणि आवडतही होतं.

आता केतकी सांगत होती, की पाण्यात रेणू नसतानाही काम होतंय. म्हणजे काम रेणू करतच नव्हता. रेणू तुटत होता, त्यातला कोबाल्ट पट्टीवर बसत होता, आणि तो तपकिरी डागच सगळं करत होता. साधा गंजासारखा थर. तो कोबाल्टच्या कुठल्याही स्वस्त क्षारापासून मिळतो, त्यासाठी माझा रेणू लागत नाही.

“पट्टी नीट धुतली गेली नसेल,” मी म्हटलं. “पाण्यात रेणू उतरला असेल.”

“मी पाणी तपासलं, मॅडम. त्यात काही नाही.”

“केतकी, समिती पुढच्या रविवारी येतेय. तू तुझं ठरलेलं काम पूर्ण कर. हे तुझ्या विषयात येत नाही.”

“बरं, मॅडम.”

ती गेली. पट्टी मात्र टेबलावरच ठेवून गेली. विसरली की मुद्दाम ठेवली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते आणि नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती.

दोन दिवसांनी रविवार आला. सकाळी नऊ वाजता मी प्रयोगशाळेत गेले. मार्चमध्येच ऊन तापायला लागलं होतं. रखवालदारानं दार उघडलं आणि विचारलं, “आज कसं काय, मॅडमजी?”

“काम राहिलंय,” मी म्हटलं.

कितीतरी वर्षांनी मी स्वतःच्या हातानं प्रयोग मांडत होते. विभागप्रमुख झाल्यापासून माझ्या हातात कागदच असायचे. मी न फोडलेल्या पाकिटातून नवी पट्टी काढली. भांडं ॲसिडनं धुतलं, मग शुद्ध पाण्यानं सात वेळा. रेणूची पूड वजन करून पाण्यात विरघळवली, पट्टी सोडली, वीज चालू केली आणि स्टूल ओढून समोर बसले.

आमच्याकडे असा प्रयोग दहा मिनिटं चालवायची पद्धत होती. दहा मिनिटांत किती ऑक्सिजन आला ते मोजायचं आणि थांबायचं. त्या दिवशी मी थांबले नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पट्टीतून जाणारी वीज एका जागी स्थिर राहायला हवी होती, ती हळूहळू वाढत होती. अर्ध्या तासानं पट्टीचा खालचा भाग किंचित मळल्यासारखा दिसायला लागला. तासाभरानं डोळ्यांचा भ्रम म्हणायला जागाच उरली नाही.

मी पट्टी काढली आणि धुतली. पुन्हा धुतली. दुसरं, कोरं भांडं घेतलं. त्यात रेणू नसलेलं पाणी भरलं. पट्टी सोडली. बटणावर बोट ठेवून मी किती वेळ थांबले कुणास ठाऊक. रखवालदार व्हरांड्यातून दोनदा गेला, एवढं आठवतं.

बटण दाबलं. बारीक बुडबुडे पट्टीवरून सुटून वर यायला लागले. एकामागून एक, न थांबता. खरं सांगते, फार सुंदर दिसत होते.

तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही सांगून टाकते. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हे फक्त दोघींना माहीत आहे. एक मी. दुसरी केतकी, आणि तिची पीएच.डी. माझ्या सहीवर अवलंबून आहे. दहा मिनिटांत प्रयोग थांबवला तर डाग दिसतही नाही. रेणूचा अगदी थोडा भाग तुटतो, बाकीचा शाबूत राहतो, म्हणून पाण्याचा रंगही बदलत नाही. म्हणजे दहा मिनिटांची पद्धत पाळत राहिलं, की झालं.

आणि मग मला प्रश्न पडला, की ही दहा मिनिटांची पद्धत आली कुठून? आधी तर आम्ही तासभर प्रयोग चालवायचो.

मी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्यानं रोजच्या प्रयोगाची नोंद वहीत करायची, मी दर आठवड्याला ती तपासायची आणि वही प्रयोगशाळेतच ठेवायची, असा नियम होता. सगळ्या वह्या इंग्रजीत. मी सालाप्रमाणे मागं मागं गेले. सहा वर्षांपूर्वीच्या वह्यांत मला मोरेश्वर उईकेची वही सापडली.

मोरेश्वर कोरचीकडच्या एका लहान गावातून आला होता. गोंड समाजातला, त्याच्या गावातून एम.एस्सी. झालेला पहिला. कमी बोलायचा. दीड वर्ष माझ्याकडे होता आणि एका दिवाळीला गेला तो परत आलाच नाही. त्याला हे काम झेपलं नाही, असं मी म्हणत असे. मी तसं मानतही होते.

वहीत एकसष्टाव्या पानावर त्याच्या ठेंगण्या, गोल अक्षरात लिहिलं होतं: एक तास चालवलं, पट्टीवर फिकट तपकिरी डाग. पुढच्या पानावर: नवी पट्टी, पुन्हा डाग. त्याच्या पुढच्या पानावर: भांडं बदललं, पुन्हा डाग. हा डाग रेणूपासून येत असेल का? असं सात वेळा. आणि सातही पानांच्या खाली लाल शाईत माझं अक्षर. पहिल्या ठिकाणी: भांडी स्वच्छ धुवा. तिसऱ्या ठिकाणी: पुन्हा तीच घाण. सातव्या ठिकाणी: एक तास चालवायची गरज नाही, यापुढे सगळ्यांनी दहा मिनिटांत थांबावं.

मी खाली फरशीवर बसले. वही मांडीवर.

त्या दिवाळीच्या आधीची विभागाची एक बैठक मला आठवली. सगळे विद्यार्थी बसले होते. मोरेश्वरनं उभं राहून तोच डागाचा प्रश्न पुन्हा काढला. मी वैतागले होते, लेख पाठवायची घाई होती. मी म्हणाले, “काही लोकांच्या हाताला मुळात सफाईच नसते.” दोनतीन जण हसले. तो खाली बसला. पुढच्या आठवड्यात सुट्टी लागली.

तेव्हा मला ते वाक्य रसायनशास्त्रातलं वाटलं होतं. त्या रविवारी फरशीवर बसून मी ते त्याच्या कानांनी ऐकलं. देवपुजारी आडनावाची बाई, म्हणजे मी, चाळीस लोकांसमोर उईके आडनावाच्या मुलाला म्हणते, तुझ्या हाताला सफाई नाही. आणि मुळात नाही.

सोमवारी मी केतकीला बोलावलं. ती घाबरतच आली.

“बस,” मी म्हटलं. “तू बरोबर आहेस. मी काल स्वतः करून पाहिलं.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मग तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “म्हणजे माझी तीन वर्षं…”

“वाया नाही जाणार. आता हाच तुझा विषय. रेणू कसा तुटतो, कधी तुटतो, आणि न तुटणारा करायचा तर काय करावं लागेल.”

“आणि तुमचा लेख?”

“तो चुकलाय. मी पत्र लिहिलंय, वाच. काही चुकलं असेल तर सांग.”

तिनं पत्र वाचलं. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. एका ठिकाणी मी ‘असं असण्याची शक्यता आहे’ असं लिहिलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. “मॅडम, शक्यता नाही ना. आहेच.” मी ते शब्द काढले आणि तिच्यासमोरच पत्र नियतकालिकाच्या संपादकांना पाठवून दिलं.

त्यानंतर मी प्रकल्पाचे प्रमुख डॉ. सबनीस यांना फोन केला. आधी केला असता, तर त्यांनी माझं मन वळवलं असतं, हे मला माहीत होतं. ते सगळं शांतपणे ऐकत राहिले.

“ठीक आहे, प्रमिलाताई. पत्र अठरानंतर पाठवा. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“पत्र गेलं.”

“तुम्हाला कळतंय ना, हा प्रकल्प जाऊ शकतो?”

“कळतंय.”

“मग समितीपुढे तुम्हीच बोला,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बोलले. अठरा तारखेला समितीच्या पाच जणांसमोर मी डाग असलेली पट्टी ठेवली आणि सगळं सांगितलं. दोघांनी तोंडं वाकडी केली. एक म्हातारे गृहस्थ मात्र पुढे वाकून पट्टी बघत राहिले आणि त्यांनी केतकीला बोलावून तासभर प्रश्न विचारले. प्रकल्प बंद झाला नाही. मात्र माझ्याकडून काढून दुसऱ्या प्रयोगशाळेकडे दिला गेला, आणि आमच्याकडे ‘रेणू का तुटतात’ एवढा तुकडा राहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ बरं होतं.

पण त्या रविवारपासून उडालेली माझी झोप काही परत आली नव्हती. वही माझ्या पिशवीतच होती.

कार्यालयातल्या जुन्या नोंदींवरून कळलं, की मोरेश्वर मधे एकदा कागदपत्रं न्यायला आला होता, आणि आता वडशाला पाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. फोन नंबर होता. तीनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. शनिवारी सकाळी मी एसटीत बसले. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. चार तास वही मांडीवर होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यात कुठंतरी माझी बाजू येत होती. मग ते सोडून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

केंद्र गावाबाहेर वैनगंगेकडच्या रस्त्याला होतं. मोठाल्या टाक्या, पाण्याचा घुमल्यासारखा आवाज, क्लोरीनचा वास. एका खोलीत रांगेनं बाटल्या मांडल्या होत्या आणि खिडकीपाशी मोरेश्वर एक बाटली उलटी करून धूत होता. अंगानं भरला होता, कानांजवळचे केस पांढरे झाले होते. मी दारातून पाहत राहिले. त्यानं बाटली धुतली, झटकली, पुन्हा धुतली. एकूण पाच वेळा. मग वळला.

“मॅडम?”

“हो.” मी दारातून आत आले. “मोरेश्वर, तुम्ही…”

“तूच म्हणा,” तो म्हणाला. “बसा. पाणी घ्या. आमचंच आहे.”

हसला नाही. स्टूल पुढे केलं आणि स्वतः उभाच राहिला. मी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. त्यानं ती लगेच ओळखली, पण हात लावला नाही.

“काहून आणली ही?”

“एकसष्टावं पान काढ.”

“मला पाठ आहे, मॅडम, एकसष्टावं पान.”

मी जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच गेली. “भांडी स्वच्छ होती,” मी म्हटलं. “डाग रेणूचाच होता. तुझं बरोबर होतं. सातही वेळा.”

हातातली बाटली त्यानं रांगेत ठेवली, मग तिची जागा बदलली, मग पुन्हा पहिल्या जागी ठेवली.

“कोण म्हणते?”

“मी स्वतः केलं. दोन आठवड्यांपूर्वी. आणि माझी एक विद्यार्थिनी आहे, तिनं आधी केलं. मी लेख मागे घेतलाय. आणि त्या बैठकीत मी तुला जे बोलले, ते…”

“सफाईचं?”

“हो. ते मी बोलायला नको होतं. ते फक्त चुकीचं नव्हतं, वाईट होतं. तेव्हा मला ते कळलंही नाही, हे त्याहून वाईट.”

तो खिडकीकडे वळला. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

“मी गावी गेलो तेव्हा बाबा विचारायचे, कामून सोडलं? तीन वर्षं मी सांगत होतो, माझ्या हाताला सफाई नाही. बाबांना ते समजायचंच नाही. ते म्हणायचे, तू तर घरातला सगळ्यात स्वच्छ पोरगा. पण मी तेच सांगायचो, कारण मला ते खरं वाटत होतं. इथे लागलो तेव्हापासून प्रत्येक बाटली पाच वेळा धुतो. लोक हसतात. मला वाटते, नाही धुतली तर कोणाच्या तरी घरी घाण पाणी जाईल आणि ते माझ्या हातानं झालेलं असेल.”

मी रांगेतल्या बाटल्यांकडे पाहिलं.

“आता राग आहे का, म्हणून विचारू नका,” तो म्हणाला. “आहे.”

“असणारच.”

“बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगता आलं असतं.”

मग तो वळला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि त्यानं वही उघडली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. लाल अक्षरांवरून त्याची नजर थांबल्याशिवाय गेली. सातव्या पानावर तो थांबला आणि एकदम वर पाहून म्हणाला, “पण मॅडम, डाग रेणूचा आहे एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. डाग बसला असेल आणि काम रेणूच करत असेल, असंही असू शकते ना?”

“म्हणूनच केतकीनं पट्टी धुऊन कोऱ्या पाण्यात लावली. रेणू न घालता.”

त्याचा चेहरा बदलला. मला तो क्षण नीट आठवतो. इतका वेळ तो माझ्यासमोर बसलेला, दुखावलेला माणूस होता. आता तो फक्त प्रयोगाचा विचार करत होता.

“आणि ऑक्सिजन आला?”

“आला.”

“तेवढाच?”

“थोडा जास्तच.”

“अरे बाप्पा,” तो म्हणाला आणि चक्क हसला. “हे मला नव्हतं सुचलं. मी सात वेळा तोच प्रयोग करून राहिलो होतो, वेड्यासारखा. पट्टी धुऊन लावायचं काही डोक्यात आलं नाही.”

“आलं असतं. मी तुला वेळच दिला नाही.”

यावर त्यानं थोडा विचार केला. “हो,” तो म्हणाला. “आलं असतं बहुतेक.” आणि एक कागद ओढून आकृती काढायला लागला. किती व्होल्टला थर बसतो? पाणी आम्लधर्मी असलं तर विरघळतो का? सुटा कोबाल्ट पकडून ठेवणारं एखादं रसायन आधीच पाण्यात घातलं तर? मी उत्तरं देत होते, आणि जिथे उत्तर माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणत होते. दुपारचा एक कधी वाजून गेला ते दोघांनाही कळलं नाही. केंद्रातला एक कर्मचारी येऊन म्हणाला, साहेब, घरून फोन आहे, जेवायचं थांबले आहेत.

“चला मॅडम, घरी,” मोरेश्वर म्हणाला.

“नको रे, मी…”

“चला. ललिता जेवायची थांबली आहे.”

घर मागेच होतं, दोन खोल्यांचं. त्याची बायको ललिता दारात आली. त्यानं माझं नाव सांगितलं आणि तिचा चेहरा कठीण झाला.

“ह्याच का त्या?”

“हो,” मोरेश्वर म्हणाला. “ह्याच. डाग रेणूचा होता म्हणे. भांडी स्वच्छ होती.”

ललितानं एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. “मी काय म्हणत होती? लग्न झाल्यापासून हा माणूस मला घरची भांडी घासू देत नाही. मी घासली तर पुन्हा घासतो! याच्या हाताला सफाई नाही म्हणणाऱ्या बाईला एकदा आमच्या घरी आणा, म्हटलं, ताटात तोंड पाहून जाईल.”

मोरेश्वर आधी हसला. मग ती हसली. मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. ललितानं मला हात धुवायला तांब्या दिला. तिनं भात, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी वाढली, आणि मी तीनदा भात मागून घेतला. आठवडाभर मला जेवण गेलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला तो मला स्टँडवर सोडायला आला. गाडी उभी होती. मला शेवटचं विचारायचं होतं.

“मोरेश्वर, नवा लेख लिहायचाय. सगळं खरं काय ते सांगणारा. त्यात तुझं आणि केतकीचं नाव असायला हवं. आणि तुला पीएच.डी. पुरी करायची असेल, तर मी…”

“पीएच.डी. राहू द्या,” तो म्हणाला. “इथं सकाळी सहाला पाणी सोडावं लागते. ते सोडून येत नाही मी.” मग जरा थांबून म्हणाला, “नाव टाका. पण आधी मला वाचायला पाठवा. पटलं तर सही करीन.”

“आणि नाही पटलं तर?”

“तर तुम्ही पुन्हा प्रयोग करा.”

मी गाडीत बसले. ब्रह्मपुरी यायच्या आत मला झोप लागली. गाढ, तोंड उघडं टाकून, म्हाताऱ्या बाईला लागते तशी. नागपूरला कंडक्टरनं हलवून उठवलं.

लेख मी आणि केतकीनं दोन महिन्यांत लिहिला आणि त्याला पाठवला. तीन आठवड्यांनी टपालानं जाड पाकीट आलं. मोरेश्वरनं चौदा शंका काढल्या होत्या. त्यातल्या तीन आम्हाला लगेच सोडवता आल्या. उरलेल्या अकरा बरोबर होत्या.

आम्ही पुन्हा प्रयोग केले.